विस्कळीत थरातली बरणी

आमच्या वहिनी रागावलेल्या नसल्या की घरातली माणसं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. राग ही त्यांची तब्येत ठणठणीत असल्याची खूण आहे. दोरी सैल बांधली, कुणी खड्ड्याच्या काठावर बसून पाय हलवले, चहात साखर कमी पडली, चहात साखर जास्त पडली, फोटो काढायच्या नेमक्या क्षणी ऊन ढगाआड गेलं, अशा प्रत्येक गुन्ह्यासाठी वहिनींकडे वेगळा आणि ताजा राग असतो. कालचा उरलेला राग त्या आज वाढत नाहीत. माझा थोरला भाऊ इतकी वर्षं त्यांच्याबरोबर सुखाने नांदतो आहे, याचं श्रेय मी त्याच्या उजव्या कानाला देतो. त्या कानाने त्याला ऐकू येत नाही, आणि जेवताना तो नेमका तोच कान वहिनींकडे करून बसतो.

वहिनी उत्खननावर मुकादम आहेत. आमच्या वस्तीच्या डोक्याशी एक लांबट टेकाड आहे, निजलेल्या म्हशीसारखं. तिथे कधीकाळी लोकांनी घरं बांधली. ती पडली, की सपाट करून त्याच मातीवर पुढच्यांनी आपली बांधली. असं हजारो वर्षं चाललं, आणि त्या सगळ्या संसारांची चळत आता वरून खाली उलगडायची असते. त्यासाठी दर हंगामात साहेब येतात, म्हणजे उत्खननाचे संचालक. त्यांच्याबरोबर खापरांच्या अभ्यासक बाई येतात. त्यांना आम्ही तोंडावर मॅडम आणि पाठीमागे खापरबाई म्हणतो. पण खड्ड्यातल्या माणसांवर राज्य वहिनींचं. त्यांची थापी, म्हणजे माती खरवडायची ती छोटी पोलादी पात्याची, झिजून झिजून पानाएवढी झाली आहे. तिला दुसऱ्या कुणी हात लावला तर वहिनी आधी त्या माणसाकडे बघतात आणि मग त्याच्या हाताकडे बघतात, जणू यातलं काय आधी काढावं हा विचार चाललाय.

माझं काम सावलीतलं. टेकाडाच्या पायथ्याशी एक बैठं घर आहे, खापरघर. तिथे लांब टेबलाशी बसून मी खापरांवर नंबर घालतो. आधी पारदर्शक नेलपॉलिशचा पट्टा, तो वाळला की त्यावर बारीक निबाने खड्ड्याचा आणि थराचा नंबर, आणि त्यावर पुन्हा नेलपॉलिश. वस्तीतल्या दुकानात माझ्याइतकी नेलपॉलिश नवऱ्या मुलीसुद्धा नेत नाहीत.

खापरघराच्या ओसरीवर खापरं धुणाऱ्या बाईचं राज्य. तिला सगळे ब्रशताई म्हणतात. पाण्याचा टब, दात घासायचे जुने ब्रश आणि वाळवायला जाळीचे ट्रे, एवढ्या सामानावर ती शेकडो वर्षांचा चिखल काढते. ती आणि वहिनी एकाच वयाच्या, एकाच उत्खननावर, आणि एकमेकींशी बोलत नाहीत. अजिबात नाही. वहिनी पिशव्या घेऊन ओसरीवर यायच्या, ब्रशताईपासून दोन हातांवर उभ्या राहायच्या आणि मला आत हाक मारायच्या.

"भाऊजी, त्या टबाला सांगा, ही पिशवी आधी धुवायची आहे."

"भाऊजी," ब्रशताई टबात बघत म्हणायची, "त्या थापीला सांगा, मला डोळे आहेत. पिशवीवर लिहिलेलं दिसतं."

मी काहीच सांगायचो नाही. दोघींना ऐकू आलेलं असायचं.

या अबोल्याचं कारण एक बरणी. टेकाडावरची वस्ती उठायच्या आधी, वहिनी कडेवरच्या होत्या तेव्हाची गोष्ट. वहिनींच्या आजीची चिनी मातीची मोठी बरणी होती, मिठाची. आजीच्या माहेराहून आलेली, आणि आजीचा जीव तिच्यात. एके दिवशी ती घरातून नाहीशी झाली. त्या दिवशी शेजारची बाई विस्तव मागायला येऊन गेली होती. आजीने ओरडून सगळी गल्ली गोळा केली आणि सर्वांसमोर त्या शेजारणीला विचारलं, बरणी कुठे आहे. ती शेजारीण म्हणजे ब्रशताईची आई. बरणी काही मिळाली नाही. पण त्या बाईला मात्र मरेपर्यंत गल्लीतली पोरं 'बरणीवाली' म्हणायची. पुढे टेकाडावरची वस्ती खाली हलवली तेव्हा या दोन्ही घरांनी नव्या वस्तीची दोन टोकं मागून घेतली. बरणीवाली गेली तेव्हा वहिनींच्या घरून कुणी गेलं नाही.

आता थरांविषयी थोडं. टेकाडाचा सगळ्यात वरचा थर म्हणजे अलीकडचा, आणि अलीकडच्याला उत्खननात कुणी विचारत नाही. कागदावर त्याचं नाव 'विस्कळीत थर'. तो टिकावाने उडवायचा, घमेल्यांनी ढिगावर नेऊन टाकायचा आणि खाली जुनं सुरू झालं की मग थाप्या, कुंचे, चाळण्या बाहेर काढायच्या. हे वरचं उडवण्यात आमच्या वहिनींचा हात धरणारं कुणी नाही. नवा चौकोन आखला, दोरी ताणली की त्या काठावर कमरेवर हात देऊन उभ्या राहतात आणि ओरडतात, "उडवा रे वरचं! कचरा आहे सगळा!" ती आरोळी वस्तीपर्यंत ऐकू येते. बायका म्हणतात, हंगाम सुरू झाला.

या हंगामात साहेबांना टेकाडाच्या पूर्वेच्या खांद्याखाली एक जळालेलं कोठार असल्याचा वास लागला होता. शेजारच्या खड्ड्याच्या भिंतीत राखेचा पट्टा आणि भाजलेले धान्याचे दाणे दिसले होते. हंगाम संपायच्या आत कोठाराच्या जमिनीपर्यंत पोचायचं, या एका ध्यासाने त्यांनी नवा चौकोन आखला. मजूर टिकाव घेऊन उभे राहिले. वहिनी काठावर आल्या, कमरेवर हात दिले, तोंड उघडलं.

आणि मिटलं.

चौकोनाच्या एका कोपऱ्यात सपाट काळा दगड होता. कपडे आपटायचा. वस्ती पाडणाऱ्या यंत्राला तो हलवता आला नव्हता.

"टिकाव खाली," वहिनी म्हणाल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"हे आमचं स्वयंपाकघर आहे. हा दगड मागच्या दाराचा. माझी आई इथे रांधायची."

साहेब फार सभ्य माणूस. कुणाला नाही म्हणायचं झालं तर ते आधी 'तत्त्वतः' म्हणतात. "तत्त्वतः तुमच्या भावना मला समजतात, बाई. पण तो वरचा थर आहे. विस्कळीत."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मी रिकाम्या पिशव्या द्यायला वर गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं या कानांनी ऐकलं.

"विस्कळीत? विस्कळीत कुणी केलं? आम्ही निघालो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं! चूल चुलीच्या जागी होती, खुंटी खुंटीच्या जागी होती. तुमच्याच खात्याची माणसं आली होती. म्हणाली, ही जागा प्राचीन आहे, इथे खिळा ठोकायचा नाही, इथे राहायचं नाही, खाली जा. गेलो. पाठ वळली नाही तोवर यंत्र घातलंत. आणि आता म्हणता विस्कळीत! दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईनं चूल मांडली तर तुम्ही तिच्यापुढे कुंचा घेऊन गुडघ्यावर बसता. माझ्या आईनं मांडली तर टिकाव? माझ्या आईनं काय करायला हवं होतं, आणखी लवकर मरायला हवं होतं? ती तर अजून मेलीसुद्धा नाही!"

"तत्त्वतः—"

"तत्त्वतः गेलं खड्ड्यात," वहिनी म्हणाल्या आणि स्वतःच खड्ड्याच्या जागेवर, दोरीच्या आत, मांडी घालून बसल्या.

मनातल्या मनात मीही चिडलो होतो. अहो, माणसाला उठवायला ती जागा जुनी, आणि त्याचं घर जपायला तीच जागा नवी! याला न्याय म्हणायचं तर चाळणीला घागर म्हणायला हरकत नाही. एक मजूर मात्र हळूच पुटपुटला, "आजवर कितीजणांची स्वयंपाकघरं यांनीच उडवायला लावली." वहिनींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला, आणि मग त्या दुप्पट चिडल्या. आता त्यात स्वतःवरचा रागही मिसळला होता.

दुपारपर्यंत त्या उठल्या नाहीत. टिकाव मारायचा तर मुकादमावर मारावा लागला असता. शेवटी साहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं.

"ठीक आहे. स्वयंपाकघरापुरतं. पण मग सगळं नियमाने होईल. थापीने खणायचं, चाळायचं, धुवायचं, नंबर घालायचा, रेखाटायचं. जे निघेल ते अहवालात जाईल. हे ठेवा, ते टाका, अशी निवडानिवड नाही."

"निवडानिवड केली तर माझ्या तोंडात माती घाला," वहिनी म्हणाल्या.

मग सुरू झालं ते काम मी जन्मात विसरणार नाही. वहिनी गुडघ्यांवर बसून आपल्याच घराची माती पापुद्र्यापापुद्र्याने काढू लागल्या. माझ्या टेबलावर येऊ लागलं ते असं: टवके उडालेला एक मग, दात पडलेला कंगवा, बांगड्यांचे तुकडे, खेळण्याचं चाक, बाटलीचं बूच, अर्धा चमचा. मी बुचावर नंबर घातला. चमच्यावर घातला. खापरबाईंनी मगाचं रेखाचित्र काढलं, डावीकडे काठाचा छेद आणि उजवीकडे बाहेरची बाजू, अगदी राजाच्या पेल्याचं काढावं तसं. "काठ बाहेर वळलेला," त्यांनी गंभीरपणे उच्चारलं. मी दुसरीकडे तोंड करून हसलो. वहिनी मात्र रोज संध्याकाळी येऊन त्या चित्रांपुढे उभ्या राहायच्या आणि कधी नव्हे ते गप्प असायच्या. आम्हाला काळजीच वाटायची.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं की चूल दारातून शिरल्यावर उजव्या हाताला. चूल निघाली डाव्या हाताला. काळी पडलेली, भाजून लाल झालेली, निःसंशय चूल. वहिनी तिच्यावर संतापल्या.

"ही इथे नव्हतीच! कुणी हलवली?"

"चूल कोण हलवणार, वहिनी?" मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा भाऊजी, तुम्हाला स्वतःच्या घरातली साखर सापडत नाही."

त्याच चुलीच्या कडेला, जमिनीच्या लिंपणाखाली, मातीचा रंग बदलला. गोल, परातीएवढा डाग. वहिनींनी थापीने कड मोकळी केली. खड्डा होता तो, नीट हाताने कोरलेला, आणि त्याच्या तोंडावर चांगल्या मळलेल्या मातीचा जाड थर. आत चिखलाने लडबडलेली मोठाली खापरं, एकावर एक रचलेली.

खापरबाईंना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "मुद्दाम पुरलंय! बघा ना, तुकडे फेकलेले नाहीत, रचलेत. वरून लिंपलंय. खालच्या जुन्या घरांतही चुलीपाशी असे खड्डे मिळालेत आपल्याला. म्हणजे ही परंपरा इतकी हजार वर्षं..."

"माझी आई काही अशीतशी बाई नाही," वहिनी मान ताठ करून म्हणाल्या.

त्यांनी ती पिशवी स्वतः उचलून आणली आणि ब्रशताईपासून दोन हातांवर ठेवली.

"भाऊजी, टबाला सांगा, हे जपून. महत्त्वाचं आहे."

ब्रशताईने पहिलं खापर पाण्यात बुडवलं आणि घासायला घेतलं. मी दारात बसून निब साफ करत होतो. ब्रशाचा आवाज चालू होता, खसखस, खसखस. मग थांबला. पुन्हा चालू झाला, पण हळू. तिने ते खापर ट्रेवर ठेवलं, दुसरं धुतलं आणि त्याच्या शेजारी लावलं. मग तिसरं. एरवी ती धुतलेली खापरं पत्त्यांसारखी टाकते. आज ती त्यांची जागा शोधत होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "थापीला बोलवा."

वहिनी अजून अंगणातच होत्या. त्या ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या. ब्रशताईने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"ये. वर ये. बघ."

ट्रेवर पांढरं पोट, तपकिरी खांदा. खांद्याखाली दोन निळ्या रेघा. खालची रेघ एका जागी तुटलेली, रंगवणाऱ्याचा हात उचलला गेल्यासारखी.

"बरणी," वहिनी म्हणाल्या.

"कुठली?"

"बरण्या काय, पुष्कळ असतात."

"कानापाशी अंगठ्याचा खळगा आहे. बघ, बोट घालून बघ. खालची रेघ तुटकी आहे. मी ही बरणी जन्मात पाहिली नाही, पाळण्यात होते. पण मला ती पाठ आहे. तुझ्या आजीनं गल्लीत उभं राहून तिचं वर्णन केलं होतं, आणि माझी आई ते रोज म्हणायची. पीठ मळताना म्हणायची. 'अगं, खळग्याची, तुटक्या रेघेची, एवढी मोठी बरणी मी लपवली तरी कुठे असेन?' शेवटी शेवटी तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण बरणी आठवत होती. आणि ही कुठे निघाली? तुमच्या चुलीपाशी! तुमच्या लिंपणाखाली! आमच्या आईनं चोरून परत तुमच्याच घरात आणून पुरली का? विचार तुझ्या त्या परंपरेला!"

खापरबाई दारात आल्या होत्या. त्या हळूच मागे सरकल्या.

वहिनी पायरी उतरल्या आणि तरातरा वस्तीच्या वाटेला लागल्या. मी मागे धावलो, कारण माझ्या वहिनींची आई ही म्हातारी असली तरी त्यांचीच आई आहे, आणि दोघींच्या मध्ये कुणीतरी असलेलं बरं.

मावशी, म्हणजे वहिनींची आई, दूध तापवून ओट्यापाशी बसल्या होत्या. बारीक चणीची, तरतरीत बाई. वहिनींनी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, मिठाची बरणी कुणी फोडली?"

"कुठली बरणी?"

"आई!"

"अगं, किती वर्षांची गोष्ट. शेजारची आली होती विस्तव मागायला—"

"ती चुलीपाशी निघाली. मी काढली. या हातांनी."

मावशींनी दुधाचं पातेलं उगाच मागे सरकवलं. मग म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं होतं तिथे खणायला?"

"म्हणजे खरं आहे."

"तुझी आजी कशी होती ते तुला माहीत नाही. तिच्यासमोर माझ्या हातातलं पाणी हिंदकळायचं. बरणी पडली. ती बाहेर गेली होती. मी पुरली आणि लिंपून टाकलं. मग ती आली, आणि बरणी कुठे म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघालं की शेजारची येऊन गेली. एवढंच म्हणाले मी. चोरली असं म्हणाले नाही! बाकीचं तुझी आजी बोलली." मग त्यांना काहीतरी सुचलं. "आणि तू कडेवर होतीस. तुझाच पाय लागला."

"आता माझ्यावर ढकल!" वहिनींचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. "पुरायला माझे पाय होते का? लिंपायला माझे पाय होते? ती बाई मेली, आई! बरणीवाली म्हणवून घेत मेली, आणि तू खिडकी लावून घेतलीस!"

"मग आता काय करायचं? टाकून दे ती. वरचाच तर थर आहे ना? तूच ओरडतेस दरवर्षी, उडवा म्हणून. इथपर्यंत ऐकू येतं."

मला वाटलं, आता घराचं छप्पर जाणार. पण वहिनी बघत होत्या दुधाच्या पातेल्याकडे. पातेल्यावर झाकण होतं. पांढरं, मधे गोल बोंडी, कडेला दोन निळ्या रेघा. त्या पातेल्याला ते मोठं व्हायचं आणि थोडं कलतं बसायचं. वहिनींनी लहानपणापासून रोज ते उचललेलं, पुसलेलं, ठेवलेलं. मीही त्याखालच्या दुधाचा चहा कितीदा प्यायलेला.

"हे," वहिनी म्हणाल्या.

"ते फुटलं नव्हतं," मावशी म्हणाल्या. "चांगलं होतं. चांगली वस्तू कुणी पुरतं का? आजी जाईपर्यंत माझ्या ट्रंकेत होतं."

वहिनींनी झाकण उचललं, पदराने पुसलं आणि निघाल्या.

"अगं, दुधात माशी पडेल!" मावशी मागून ओरडल्या. त्या खरोखर संतापल्या होत्या.

खापरघरात तोवर साहेब येऊन पोचले होते. खापरबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. साहेब वहिनींना बाजूला घेऊन अगदी हळू म्हणाले, "बाई, तत्त्वतः हा खड्डा आधुनिक आहे. विस्कळीत थर म्हणून सोडून देता येईल. अहवालात यायलाच हवा असं नाही. घरातली गोष्ट घरात राहील."

माणूस वाईट नव्हता. खरं तर त्यांनी दार उघडून दिलं होतं, आणि त्या दारातून वहिनींना आईसकट बाहेर पडता आलं असतं. तुकडे पुन्हा पिशवीत, पिशवी ढिगावर. वहिनी झाकण हातात धरून उभ्या होत्या. ओसरीवर ब्रशताई ब्रश खाली ठेवून बघत होती. मी तिच्या नजरेत पाहिलं: तिची खात्री होती, आता निवडानिवड होणार.

"तुमची कमाल आहे, साहेब!" वहिनी कडाडल्या. माझा जीव भांड्यात पडला. "मला चूल हवी होती तेव्हा विस्कळीत, आणि आता मला लाज वाटली तर विस्कळीत! तुमचा तो थर आहे की पदर, कुणीही काहीही झाकायला? निवडानिवड नाही असं ठरलंय. चूल माझ्या आईची, तर खड्डाही माझ्या आईचा. घाला भाऊजी नंबर!"

त्या ओसरीवर गेल्या आणि झाकण ब्रशताईच्या ट्रेवर ठेवलं. ब्रशताईने ते उचलून गळ्याच्या तुकड्यावर धरलं. बसलं. डुगडुगलंसुद्धा नाही.

मी निब बुडवलं. पण झाकणावर नंबर कुठला घालायचा?

"त्यावर घालता येणार नाही," खापरबाई संकोचून म्हणाल्या. "ते खड्ड्यात सापडलेलं नाही. ते दुधावर सापडलंय."

यावर वहिनींनी जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. पण खापरबाईंचं बरोबर होतं, आणि झाकण बिननंबरीच राहिलं.

बरणी ब्रशताईने जोडली. ते काम खापरबाईंचं, पण तिने मागून घेतलं आणि कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही. वाळूच्या टबात तुकडे उभे करून, डिंक लावून, एक वाळल्यावर दुसरा, अशी तिची कित्येक दिवस समाधी लागली होती. वर टेकाडावर स्वयंपाकघर कागदावर आलं, मोजलं गेलं, त्याचा फोटो निघाला, आणि मगच टिकाव खाली गेले. कोठाराची राख हंगाम संपता संपता लागली, जमीन काही लागली नाही. साहेब तत्त्वतः निराश झाले.

जोडलेली बरणी ब्रशताईने आत कपाटात ठेवू दिली नाही. ओसरीच्या कट्ट्यावर, रस्त्याकडे तोंड करून ठेवली. संध्याकाळी सगळी वस्ती त्याच वाटेने परतते. लोक थांबायचे, बघायचे, कुजबुजायचे. म्हातारी माणसं तुटकी रेघ बघून एकमेकांना कोपर मारायची. ब्रशताई कुणाला काही सांगत नव्हती.

"बोलत का नाहीस?" वहिनी तिला म्हणाल्या. आता त्या टबाशी थेट बोलायच्या, आणि बोलणं म्हणजे भांडणच, पण थेट. "सांग की सगळ्यांना!"

"मी का सांगू? आम्ही पुष्कळ सांगितलं. ज्यानं सांगायचं त्यानं सांगावं."

वहिनी त्याच पावली वस्तीत गेल्या आणि आईला घेऊन आल्या. कशा आणल्या ते मला माहीत नाही. मावशी अंगणात आल्या तेव्हा दोघींचे चेहरे सारखेच लाल होते. वाटेवर परतणाऱ्यांची गर्दी होती.

मावशींनी बरणीकडे बघितलं. मग ब्रशताईकडे.

"तुझी आई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी बरणीपाशी गेली नव्हती. मी फोडली."

ब्रशताईने हात कोरडे केले. "हे तेव्हा बोलायचं होतं."

"हो."

"आणि मोठ्यानं बोला. तुमच्या घरचे गल्लीत बोलले होते तेव्हा शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं."

मावशींचा चेहरा आणखी लाल झाला. "तिची आई बरणीपाशी गेली नव्हती!" त्या ओरडल्या. "मी फोडली!"

"त्या वळणावरच्यांना आलं नाही ऐकू," ब्रशताई म्हणाली.

वाटेवरचे काही लोक अवघडून पुढे सरकू लागले होते. वहिनी पायरीवर चढल्या, कमरेवर हात दिले आणि हंगाम सुरू करायच्या त्या आवाजात गरजल्या, "थांबा रे! कुठे निघालात? बरणीवाली म्हणायला बरा वेळ होता तुम्हाला! ऐकून जा! आई, म्हण!"

मावशींनी पुन्हा म्हटलं. संतापाने आवाज फाटला त्यांचा, पण वळणावरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी मान खाली घातली. ब्रशताई ते ऐकत उभी होती, आणि तिचा राग काही उतरला नव्हता. उतरणार नव्हताही, कारण ज्या बाईनं ते ऐकायचं ती ऐकायला नव्हती.

मग मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि बरणीवरच्या झाकणाकडे हात केला.

"आता ते तरी देता का? रोज दूध उघडं राहतंय."

"नाही," ब्रशताई म्हणाली.

मावशींनी लेकीकडे बघितलं.

"ताटली ठेव त्यावर," वहिनी म्हणाल्या आणि टबाशेजारी बसून ब्रश उचलला. अजून एक पिशवी धुवायची राहिली होती.